आडवं आलेलं पाणी

यांना हार्टअटॅक येऊन गेल्यापासून मी नीट झोपले नव्हते. रात्रीतून उठून यांची छाती वरखाली होतेय ना ते बघायचं आणि पुन्हा पडायचं, असं दुसरं वर्ष चालू होतं. देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण तो बघतोय एवढ्या भरवशावर मला डोळे मिटता येत नव्हते. हे दवाखान्यात काचेच्या आत होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून मी आमच्या कुलदैवताला, हरिहरेश्वराला, नवस बोलले होते. हे चालत घरी आले तर मी उपाशीपोटी, अनवाणी, तुझी पुरी प्रदक्षिणा घालीन. फेडेपर्यंत नवस कोणाला सांगू नये असं माझी आई म्हणायची, म्हणून सांगितला नाही. हे चालत घरी आले, आणि नवस राहून गेला. यांना साधा ठसका लागला तरी वाटायचं, देव आठवण करून देतोय.

मग माझ्या धाकट्या दिरांनी जुनी गाडी घेतली. "वहिनी, दिवेआगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी समुद्राच्या कडेकडेने हरिहरेश्वर. फिरणंही होईल, देवही होईल," ते म्हणाले. मी फक्त मान हलवली. आमच्या पूनम सागर सोसायटीतून पहाटे निघालो, तेव्हा मी थकलेलीच होते.

मुक्काम करून दुसऱ्या सकाळी निघालो. दिवेआगरहून पुढचा रस्ता फार सुंदर आहे म्हणतात, आणि असेलही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळा कातळ आणि त्यावर फुटणारं पाणी. मला वळणांनी मळमळत होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सगळ्यांना सांगितलं, पोट ठीक नाही. जाऊबाई दर वळणाला म्हणायच्या, "अहो, थांबवा ना, इथला दगड बघा, एकदम पिक्चरसारखा!" यावर हे म्हणाले, "दगड बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्या घराजवळ चेणे गावात खडीसाठी डोंगर फोडतायत, तिथे उभं करून फोटो काढला असता." सगळे हसले. हेही हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच इतके मोकळे. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या टेकडीवर चढते, मग कातळातल्या अरुंद पायऱ्यांनी खाली समुद्राशी उतरते आणि खडकांवरून देवळाकडे परत येते. भरती आली की खालची वाट पाण्यात जाते. आपण लवकर पोचायला हवं, हे वाक्य मी मनात कितीदा जुळवलं, पण तोंडातून निघालं नाही.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. यांना चढ मना होता, म्हणून हे खाली देवळात बसले. दीर आणि जाऊबाई किनाऱ्याकडे गेले. मी चपला काढून एकटीच वर चढले. पायऱ्या जिथून खाली उतरतात तिथे एक माणूस उभा होता. "ताई, पाणी भरलंय. आता सोडत नाही. संध्याकाळी या." संध्याकाळी आम्हाला घरी परतायचं होतं, दिरांची सकाळची ड्यूटी होती. खाली पाहिलं तर शेवटच्या पायऱ्यांवर लाटा आपटत होत्या. नवस अर्धा राहिला तर यांचं काय होईल, एवढंच डोक्यात आलं. मी तिथेच बसले आणि रडायला लागले.

बाजूच्या दगडावर एक म्हातारी बाई धापा टाकत बसली होती. देशावरची असावी. तिने पाण्याची बाटली पुढे केली. "पी आधी. रडायला काय झालं?" जे घरात कोणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सगळं सांगितलं.

"अगं वेडे, महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालतात व्हय?" ती म्हणाली.

"इथे पुरीच घालतात, आजी."

"घालत असतील. पण पिंडीवरचं पाणी वाहतं ते आपण ओलांडतो का? तिथनं माघारी वळतो. मग हे बघ की खाली! त्याचंच पाणी आलंय आडवं. त्यानंच इथवर पुरे म्हटलं. तू का त्याच्याशी हट्ट धरतीस?"

तेवढ्यात तिच्या नातवाने खाली देवळाकडून हाक मारली, "आजे, बस सुटंल!" ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दमलीयस गं. वळ आता."

मी समुद्राला नमस्कार केला आणि आलेल्या वाटेने परत उतरले. देवळात यांच्या शेजारी बसून प्रसादाचं खोबरं खाल्लं. हे म्हणाले, "पोट बरं झालं वाटतं." मी हो म्हटलं. मग नवसाचंही सांगितलं. यांनी आपल्या हातातलं खोबरंही माझ्या हातावर ठेवलं.

परतीच्या वाटेवर काय काय दिसलं ते मला माहीत नाही. यांच्या खांद्यावर डोकं टेकलं ते घराजवळ घोडबंदर रोडला यांनी हलवलं तेव्हाच जाग आली. "उठ, घर आलं." बाहेर अंधार पडत होता. एवढ्या वेळात मी यांची छाती एकदाही बघितली नव्हती, आणि हे माझ्याशेजारी बसून श्वास घेत होते. त्या बाईला देवाने पाठवलं की ती आपली दम खायला बसली होती, मला कळत नाही. मी दोघांनाही हात जोडते. उरलेली अर्धी वाट त्याची आहे. माझ्या वाटणीची मी चालून आले.