वादळाचा दाखला

जुन्या कागदांना तुरीच्या भुशाचा वास आला की मला उदगीरचं ते आडत दुकान आठवतं. बंगालच्या उपसागरातली जुनी वादळं मराठवाड्यात कुठवर पोचली, ते मी तेव्हा प्रबंधासाठी व्यापाऱ्यांच्या वह्यांतून शोधत हिंडत होतो. मालकांनी मला पोत्यांवर बसवलं, वडिलांच्या वह्या पुढ्यात ठेवल्या, आणि हिशेबाच्या मधेच एक ओळ सापडली, ‘घरचं लग्न. वाऱ्यानं मांडव उडाला. पाऊस थांबेना.’ मी तारीख माझ्याकडच्या आंध्रातल्या बंदराच्या नोंदींशी ताडून पाहिली. आदल्याच दिवशी तिथं वादळ किनाऱ्याला धडकलं होतं. आनंदाच्या भरात मी ते मोठ्यानं सांगितलं, तशी चहा घेऊन आलेली मालकांची आई दारातच थांबली. लग्न तिचंच होतं. “म्हंजे मांडव माझ्या पायगुणानं उडाला न्हाई?” “नाही आजी, ते वादळ समुद्रातून आलं होतं.” “सासू मरेस्तोवर मला पांढऱ्या पायाची म्हणली बघ,” असं म्हणत ती इतकी हसली की कपबशा वाजायला लागल्या. मग म्हणाली, “लेकरा, हे कागदावर लिहून दे. खाली सही कर.” मालक म्हणाले, “आता कुणाला दाखवायलीस, माय?” तिनं गल्ल्यामागच्या सासूच्या फोटोकडं बोट केलं. माझा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात पडून आहे. गेल्या महिन्यात उदगीरला गेलो, तर माझा तो कागद चौकटीत घालून लावलेला दिसला, फोटोच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, सासूबाईंना रोज वाचता यावा असा.