मेहुण्याच्या दिवाणखान्यातला घोडा

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला बँकेत बढती हवी होती. म्हणून दसऱ्याला त्यानं आपल्या चिनी साहेबांना जेवायला बोलावलं आणि काँडोच्या दिवाणखान्यात तांग काळातल्यासारखा, चकचकीत मातीचा घोडा आणून ठेवला. बहिणीनं त्याला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला.

"अहो, असे घोडे सरदारांच्या थडग्यात पुरायचे," मी म्हणालो.

"दादा, तुमची पुस्तकं आज घरीच ठेवा," मेहुणा म्हणाला.

साहेब आले. घोड्यापुढे क्षणभर मान झुकवून त्यांनी हळूच विचारलं, "घरात कोण गेलं?"

"नोबडी येट, लाह," भाची इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली.

बढतीचं अजून काही कळलेलं नाही. घोडा मात्र दुसऱ्याच दिवशी हौगांगला, माझ्या फ्लॅटवर आला. हारासकट.