फोन बंद केलेला देश

माझा धाकटा भाऊ इथिओपियात गुलाबाच्या शेडवर सुपरवायझर आहे. पॉलिहाऊसचं काम इकडेच भोंगवलीत शिकला आणि विमानात बसून गेला, याचं गावाला कोण कौतुक! रोज संध्याकाळी तो आईला फोन करायचा. तिथली सगळी जमीन सरकारची, शेतकऱ्याला कसायला मिळते, पण गुंठाभरही विकता येत नाही, हे ऐकून आई खूश. “बरं हाय की. हितं पानशेतपात्तूर समदं पुण्यावाल्यांनी घेतलं,” म्हणायची. फुलं युरोपला जातात, तरी तिथल्या बँकेत डॉलर मिळत नाहीत, म्हणून याचा पगार अडकून पडतो, हे मात्र तिच्या डोक्यात शिरायचं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

मग तिकडं लढाई पेटली. शेडवरची तरणी पोरं एकेक करून गेली, काही सरकारी फौजेत, काही तिच्याविरुद्ध बंदूक घेऊन डोंगरात. एकाच घरातले दोघं दोन बाजूंना, असं भावाने सांगितलं. त्यानंतर त्याचा फोनच लागेना. कंपनीच्या राजधानीतल्या ऑफिसातून कळलं की त्या भागातले फोन आणि नेट सरकारनेच बंद केलेत, माणसं सुखरूप आहेत.

मी सासरहून, सारोळ्याहून, एसटीने माहेरी गेले आणि आईला जसंच्या तसं सांगितलं.

“सरकार कशाला फोन बंद करंल?”

“लढाईची बातमी भाईर जाऊ न्हाई म्हणून, आई.”

आमच्याकडे बाहेरगावी माणूस दगावला की घरच्यांना एकदम सांगत नाहीत. सिरियस आहे, पुण्याला ॲडमिट केलंय, असं म्हणून गाडीत बसवतात. वडील हायवेवर अपघातात गेले तेव्हा आईलाही असंच सांगितलं होतं. आता तिने एवढंच विचारलं, “खरं सांग. कधी गेला?”

मी शपथा घेतल्या, चिडले, रडले. जितकी समजूत घालावी तितका तिचा संशय पक्का होत गेला. तिने जेवण टाकलं. शेजारच्या बाया येऊन ओटीवर गुमान बसायला लागल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या. जित्याजागत्या माझ्या भावासाठी! त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं. कुठल्या तरी साहेबाने तिकडे हुकूम काढला होता आणि इकडे माझी आई वाळत चालली होती. त्या सरकारचा आला तितका संताप मला कधी कुणाचा आला नाही.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. भाऊच होता. नेट अजून बंद होतं, त्यामुळे तोंड दिसायची सोय नव्हती, नुसतं बोलता येत होतं. मी धावत जाऊन फोन आईच्या कानाला लावला. तो बोलत होता, रडत होता, म्हशीचं विचारत होता. आई सगळं ऐकत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

तिने फोन माझ्या हातात दिला. “आवाज अगदी तेच्यावानी काढतोय. कुणाचं पोर हाय? तेला सांग, लई उपकार झालं, पन पुन्ना करू नगंस.”

फोनमधून भाऊ ‘आई, आई’ म्हणून हाका मारत होता. ती उठून आत गेली.