दाजींची ट्रॉली आणि हातभर दोरी

एक ट्रॉली निवडायला आमच्या दाजींनी जेवढा वेळ घेतला तेवढा जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कुणी घेतला नसेल, आणि माझं मत विचाराल तर यापुढेही कुणी घेणार नाही. त्यांनी ट्रॉल्या बघायला सुरुवात केली तेव्हा माझी धाकटी लेक नववीत होती. ट्रॉली दारात येऊन उभी राहिली तेव्हा ती बारावीच्या परीक्षेला बसत होती. मधल्या काळात गावात एक सोयरीक मोडून पुन्हा जुळली, एसटीचा थांबा वडाखालून शाळेपाशी गेला, आमच्या म्हशीची दोन वेतं झाली. दाजी मात्र त्याच वाक्यावर होते: "बघतोय. घाई न्हाई करायची. लोखंड हाय ते, उद्या बदलता यायचं न्हाई."

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. वन्सं गावातच दिलेल्या, आमच्यापासून चार घरं सोडून, त्यामुळे दाजी पाहुणे असूनही कधी पाहुण्यासारखे वागले नाहीत. पाहुणा निदान टेकतो तरी. दाजी टेकत नसत. चहाचा कप हातात दिला की तो घेऊन ते ओट्यावरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून परड्यात जात, आणि रिकामा कप शोधायला मला त्यांच्या मागावर निघावं लागे. एकदा कप सापडला तो म्हशीच्या गव्हाणीत. लग्नाच्या पंगतीत दुसरी वाढ यायच्या आत हे उठलेले असत आणि वऱ्हाडाच्या टेम्पोखाली पाय तेवढे दिसत. वन्संचे गुडघे दाखवायला दोघं घोडेगावला गेले होते, तर येताना वाटेत एक ट्रॉली दिसली म्हणून हे एसटीतून मधेच उतरले. वन्सं औषधाची पिशवी घेऊन एकट्या घरी आल्या. दाजी दोन तासांनी चालत आले, पांढऱ्या पायजम्याला काळं ग्रीस, आणि तोंडात एवढंच, "स्प्रिंगचं पाटं बरं व्हतं. पण चाक हलतंय."

आता ट्रॉली कशाला हवी होती ते सांगते. आमचं आणि दाजींचं एकेक रान ओढ्यापलीकडं, टेकाडावर, बांधाला बांध लागून. तिकडं जायची वाट एका जुन्या विहिरीला वळसा घालून जाते आणि त्या वळणावर मोठा ट्रॅक्टर बसत नाही. म्हणून दोन घरांनी मिळून पॉवर टिलर घेतला होता. टिलर वर जायचा, नांगरट करून यायचा. पण त्याच्या मागं जोडायला काही नव्हतं, म्हणून टोमॅटोचे क्रेट आम्ही बायका डोक्यावरून खाली आणायचो. मी तेव्हा चाळिशीची. गावातल्या सगळ्या शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे आहे अशी माझी पक्की समजूत होती. तोडा चालू झाला की डोक्यावर क्रेट आणि तोंडात दाजींचा उद्धार, असं दोन्ही ओझं मी एका वेळी वाहत असे.

आणि दुसरी एक गोष्ट होती, तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं. वन्संचे गुडघे गेले होते. टेकाड चढणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या रानातले धोंडे वन्संनी स्वतः वेचून बांधाला लावलेले, त्यामुळे घरी बसवलेली ती बाई दिवसेंदिवस सुकत चालली. उंबऱ्यात बसून रानातून येणाऱ्या प्रत्येकीला विचारायची, "कडंच्या सरीला फूल लागलं का गं?" आम्ही दमलेल्या, काहीतरी सांगून पुढं जायचो. "लागलं, लागलं." त्यांना कळायचं की आम्ही बघितलेलंच नाही. मग पुढच्या बाईला विचारायच्या. दाजी तेवढ्यात पायात चपला अडकवून ट्रॉली बघायला निघालेले असत. मी म्हणायची, बायको अशी बसलेली आणि ह्या माणसाला ट्रॉलीचं खूळ. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असताना मला त्या दोनच दिसल्या, हे माझ्या त्या वेळच्या अकलेचं माप.

ट्रॉली पारखायची दाजींची रीत त्यांनी बैलांवरून उचलली होती. आधी लांबून बघायचं, मग मागून, मग खाली वाकून. पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून कान लावायचा. जोडाच्या खिळीच्या भोकात करंगळी घालून हलवायची. इथवर ठीक. पण मग ते खांद्यावरच्या पिशवीतून पितळी पेला काढत, तो काठोकाठ पाण्यानं भरत, ट्रॉलीच्या मागच्या टोकाला ठेवत आणि मालकाला म्हणत, "जरा ढकला राव." पाणी सांडलं की ट्रॉली नापास. ट्रॉली विकायची असो वा नसो, मालक ओळखीचा असो वा नसो. घोडेगावात एका बागायतदारानं विचारलं, "दाजी, तुमची टमाटी वाटंत पाणी पित्यात का?" दाजी म्हणाले, "टमाट्यांचं न्हाई वो. हिसका बसतो का ते बघतोय." टोमॅटोला हिसक्याची एवढी काळजी कुणी करतं का, असं तिथं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

पेल्यानंतरची परीक्षा माणूस बसवून बघायची. आणि तो माणूस, माझ्या नशिबानं, मी.

झालं असं की मला दुभती शेळी घ्यायची होती, म्हणून शेजारच्या टेम्पोतून आम्ही चार-पाच जणं बेल्ह्याच्या बाजाराला गेलो. मी नवी निळी साडी नेसले होते आणि खांद्याला पर्स लावली होती, पुण्याच्या भाचीनं दिलेली. जनावरांच्या बाजारात पर्स कशाला, असं आज विचाराल तर उत्तर नाही. दाजींनी शेळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. बाजाराच्या कडेला लोकांच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, त्यातल्या विकायला दोनच. दाजींनी सगळ्या बघायला घेतल्या. तिसऱ्या ट्रॉलीशी मला हाक मारली.

"वहिनी, जरा वर बसा."

"मी? कशाला?"

"बसा तर. मागल्या अंगाला. पाय खाली सोडून."

मी बसले. पर्स मांडीवर घेतली. दाजींनी आणि ट्रॉलीवाल्यानं मला ढकलत बाजाराच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. "गुडघा दुखला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझा कशाला दुखंल? मी काय म्हातारी हाय?" ते म्हणाले, "न्हाई, समजा असता, तर दुखला असता का?" असं त्या दिवशी मी सात ट्रॉल्यांत बसले. पाचवीपासून माणसं जमली. एक बैलांचा व्यापारी, बोटाच्या खुणांनी सौदा करायला हातावर टाकलेला रुमाल तसाच ठेवून, सौदा सोडून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "पावणं, ट्रॉली घेताय का वहिनींची मिरवणूक काढताय?" दाजी त्याला म्हणाले, "तुमचीबी दावा की ट्रॉली." सातव्या ट्रॉलीतून उतरेपर्यंत शेळ्या विकल्या जाऊन संपल्या होत्या. मी बिनशेळीची परत आले आणि पंधरा दिवस दाजींशी बोलले नाही. पंधरा दिवस मी बोलत नव्हते हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्याचा राग वेगळा.

अखेर एकही तयार ट्रॉली पेल्याच्या परीक्षेत पास होईना, तेव्हा जुन्नरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायचं ठरलं. तो दाजींना ओळखून होता. त्यानं अट घातली: माप द्यायचं आणि तयार होईपर्यंत दुकानाकडं फिरकायचं नाही. टेपवर दाजींचा भरवसा नव्हता, त्याचं टोक झिजतं म्हणे. त्यांनी लांबीचं माप काथ्याच्या दोरीवर घेतलं. एका क्रेटची लांबी झाली की एक गाठ, अशा तीन गाठी; आणि तिसरीच्या पुढं हातभर अंतर सोडून शेवटाला चौथी. त्या मापात विहिरीचं वळण बसतं का, हेही चार वेळा जाऊन बघितलं. आणि कुठं ठेवली तर हरवेल म्हणून दोरी माझ्या ओट्यावरच्या खुंटीला अडकवून गेले, सकाळी जुन्नरला जाताना घेऊन जातो म्हणाले.

त्या आठवड्यात आमच्या खुराड्याला मुंगूस लागलं होतं. संध्याकाळी खुराड्याचं दार बांधायला काही सापडेना. मी खुंटीवरची दोरी हातात घेतली, बघितली. तीन क्रेटच्या तीन गाठी मला लगेच कळल्या. पुढचा हातभर तुकडा आणि ती एक गाठ जादा आहे, हेही लगेच कळलं. मला सगळंच लगेच कळायचं. विळ्यानं तुकडा कापला, खुराडं बांधलं, उरलेली दोरी गुंडाळून होती तशी अडकवली. दाजींनी सकाळी ती न उलगडता खिशात घातली. जगात एवढ्या एकाच मापावर त्यांचा विश्वास होता, आणि ते त्यांनी स्वतः घेतलं होतं.

ट्रॉली आमच्या अंगणात आली. भक्कम, हिरवी, पत्र्यावर बोट वाजवलं तर घंटेसारखी. पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. दाजींनी तीन ओळी क्रेट लावले आणि क्रेट थेट मागच्या फळीला जाऊन टेकले. दाजी थांबले. मी त्या माणसाला तोवर उभं कधी बघितलं नव्हतं. म्हणजे उभे असत, पण चालता चालता उभे. त्या दिवशी नुसतेच उभे राहिले. मग क्रेट आणि फळीच्या मधे हात घालायला बघितला. बोटंसुद्धा जाईनात.

"हितं जागा पायजे व्हती," ते म्हणाले.

"कशाला?" माझे मालक म्हणाले. "क्रेट बसले की सगळे."

"हिला बसाया."

चार घरं पलीकडं वन्सं उंबऱ्यात बसल्या होत्या. बेल्ह्याच्या बाजारातल्या सातही ट्रॉल्या माझ्या डोळ्यांपुढून एकदम गेल्या, आणि प्रत्येकीत मी बसलेली, पर्स मांडीवर, गुडघा दुखत नाही म्हणून तोऱ्यात. बोलायला पाहिजे होतं. मी घरात जाऊन पोह्यांना फोडणी दिली. कुणी पोहे मागितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबड्या अंगणभर. खुराड्याचं दार तारेनं बांधलेलं, पण घाईत, एका बाजूनं उघडं. दोरी नव्हती. मी दाजींच्या दारात गेले तर ट्रॉली टिलरला जोडून तयार. क्रेटची मागची ओळ त्यांनी काढून टाकली होती, त्या जागी पोतं दुमडून अंथरलं होतं, आणि बाजूच्या फळीला हाताला धरायला एक दोरी बांधली होती. काथ्याची. हातभर. टोकाला गाठ.

दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, जरा हात द्या हिला चढवाया."

आम्ही दोघांनी वन्संना चढवलं. त्यांनी दोरी धरली. टिलर हळूहळू ओढा उतरला, टेकाड चढला, आणि कडेच्या सरीशी वन्सं स्वतः वाकून फूल बघू लागल्या. "खोटं सांगत व्हत्या गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "फूल कुठलं, फळ धरलंय हिथं." एक ओळ कमी, म्हणून त्या हंगामात आणि पुढच्या प्रत्येक हंगामात फेऱ्या वाढल्या. सगळ्या बायका कुरकुरल्या. मी कुरकुरले नाही, म्हणून त्यांनी माझी तब्येत विचारली.

आता वन्सं नाहीत. टिलर दोनदा बदलला, ट्रॉली तीच आहे. हिरवा रंग उडाला, पाटे तसेच. गेल्या तोड्याला माझा मुलगा टिलर चालवत होता आणि मी दाजींना म्हटलं, तुम्ही बसा मागं, वय झालं तुमचं. त्यांनी मान हलवली. ते अजूनही ट्रॉलीच्या मागं चालतात, डोळा चाकावर.

"ती जागा माझी न्हाई," ते म्हणाले. "तुमी बसा. ट्रॉलीत बसायची सवय तुमालाच लई."

मग मी बसले. गुडघे आता माझेही गेलेत. हात आपसूक दोरीवर गेला. गाठ वन्संच्या मुठीनं घासून गुळगुळीत झालेली. इतक्या वर्षांत आम्ही त्या दोरीविषयी एक शब्द बोललो नव्हतो. ओढा उतरताना मी मागं वळले आणि म्हटलं, "दाजी, एक सांगायचं व्हतं."

त्यांनी चाकावरची नजर काढली नाही.

"उतार हाय वहिनी," ते म्हणाले. "दोरी धरून बसा."