वहिनीच्या नव्या जाळ्यात आलेलं पहिलं

गेल्या आठवड्यात माहेरी, दिघोरीला जाऊन आले. आता जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये परत आलेय खरी, पण मन अजून तलावाच्या पाळीवरच आहे...

आम्ही ढिवर. दादा तलावात मासेमारी करतो, जाळी वहिनी विणते. यंदाचं जाळं तिने अख्खा उन्हाळा मान मोडून विणलं. आमच्या घरी चाल आहे, नव्या जाळ्यात पहिली येईल ती मासोळी पाण्यात परत सोडायची.

जेवणं झाल्यावर दुपारी मी दोघांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. दूर देशातल्या किनाऱ्यावरचे छोटे डॉल्फिन, जगात अगदी थोडेच उरलेत. जाळ्यात अडकतात आणि बुडून मरतात. वहिनीला काही पटेना... पाण्यातला जीव पाण्यात बुडेल कसा? मी सांगितलं, अगं तो मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं.

दादा मात्र चिडला. "मंग आता जाळंच टाकू नका म्हणतेत का? आमी खावाचं काय?"

त्याचं काय चुकलं? माझं शिक्षण याच जाळ्यांवर झालंय. मी गुपचूप फोन ठेवून दिला.

संध्याकाळी नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात पडलं. सकाळी तिघं काढायला गेलो तर मासोळी नाहीच... पाणमांजर! गेल्या साली आमची जाळी फाडून मासे पळवणारं, घरचा पक्का दुश्मन. दोऱ्यात पार गुरफटलेलं, नाक कसंबसं पाण्यावर.

दादाने बांबू उचलला. मारू नको म्हणावंसं वाटलं, पण जाळं त्यांचं, पोट त्यांचं... मी कोण सांगणारी?

तेवढ्यात वहिनीने हात पुढे केला. "इळा द्या."

दादा बघतच राहिला. ती हळूच म्हणाली, "नव्या जाळ्यातलं पयलं आपण सोडतो न जी? मंग हे पयलं आहे. अन् त्याले बी शास लागते."

दादा पुटपुटत राहिला, पण बांबू टाकून त्याने दुपट्ट्यात ते धूड धरलं. वहिनीने स्वतःची वीण स्वतःच कापली. सुटल्यावर पाणमांजराने वळूनही पाहिलं नाही, बेणं कुठलं! वहिनी रडली... जाळ्यासाठीच रडली, खोटं कशाला सांगू.

दुपारी ती भोक सांधायला बसली. मी जवळ बसून सुईत दोरा भरून देत होते. तिने विचारलं, "बाई, त्या डॉल्फिनच्या गावचे लोक पयलं सोडत नाहीत का?"

मी पुढचा दोरा भरून तिच्या हातात दिला. त्या किनाऱ्यावरही कुणीतरी असंच मान मोडून जाळं विणत असेल ना... तिच्याही हातात वेळेवर विळा येवो, एवढंच मागणं.