खुंट्यांची फळी

“इथून कोणी न बोलता जायचं नाही,” असं गोदावरीबाई एकदा म्हणाल्या, आणि अकोल्याच्या बंबवाल्यांनी ते मनावर घेतलं.

तेव्हा त्यांच्यासमोर आगीच्या बंबावरची चार माणसं मांडी घालून बसली होती. खोली बंबाच्या शेडमागची. एक दार, एक खिडकी, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर वखारीची भिंत. साल पंचावन्न. बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. मूळच्या वलगावच्या, भिक्षुकाच्या घरातल्या. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं आणि धाकट्या भावाच्या आधाराने अकोल्याला आल्या. भाऊ उद्धव बंब चालवायचा. एका तेलगिरणीच्या आगीतून तो अंगावर साधा फोडही न घेता परत आला आणि त्या दिवसापासून गप्प झाला. ताट वाढलं की ताटाकडे बघत बसे. हात धूत राही. बाई विचारत, “काय पाहिलंस रे तिथं?” तो पुन्हा हात धुवायला उठे. मग एका सकाळी तो निघून गेला. मूर्तिजापूरला अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत चढताना कोणीतरी त्याला पाहिलं. पुढे कोणीच पाहिलं नाही.

त्यातून मंडळ उभं राहिलं. नाव ‘बंबसेवक साहाय्य मंडळ’. कामं दोनच. रविवारी सकाळी कवायत, आणि आग विझली की दुसऱ्या दिवशी बैठक. बैठकीत प्रत्येकाने काही तरी बोलायचं. रडलं तरी चालेल, शिवी दिली तरी चालेल. बोलून झालं की बाई म्हणत, “ऐकलं.” तो शब्द पडला की माणूस मोकळा. सुरुवातीला जमादार देवराव हसायचा. “बंड्या, बोलून टाक बे लवकर, तुह्या पोटातला धूर निघू दे. घरी भाकर थंडी होऊन राहिली.” पण पुढे तोच देवराव एका जळालेल्या लेकराबद्दल इतका वेळ बोलला, की माठातलं पाणी प्यायलाही कोणी उठलं नाही.

मंडळाचं नाव झालं. अमरावतीलाही तसंच मंडळ निघालं, तिथल्या लोकांनी बाईंना बोलावून शाल दिली. पण माणसं बोलून उठून जात आणि बोलणं खोलीत राही. बाई ते घेऊन घरी येत. स्टो पेटवताना काडी ओढली की हात थांबे. आठ वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, की बाई, तुमचं काय? त्यांनी स्वतःसाठी तशी जागाच ठेवली नव्हती. “ऐकलं” म्हणणाऱ्याला “ऐकलं” कोण म्हणणार?

कवायतीत बाईंनी एक पद्धत बसवली होती. सरकी काढून उरलेल्या कापसाला, म्हणजे रुईला, आग लागली की नुसत्या पाण्याने भागत नाही. गोदामाची दारं लावून तिची हवा तोडावी लागते. म्हणून बंबावर खुंट्यांची एक फळी असायची. ती गोदामाच्या दारापाशी टेकवायची. आत जाणाऱ्याने छातीवरचा पितळी बिल्ला काढून खुंटीला अडकवायचा, बाहेर आला की परत लावायचा. दार ओढणाऱ्याने आधी फळीकडे बघायचं. फळी रिकामी, तरच दार ओढायचं. आठ वर्षांत एकही माणूस आत राहिला नाही.

त्रेसष्टच्या दसऱ्याला सकाळी बंब धुतला. नत्थुजीच्या बायकोने, माणिकबाईने, मळ्यातून टोपलीभर झेंडू पाठवला होता. नत्थुजी बंबावरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात हसरा गडी. तो बंबाला हार घालत म्हणाला, “लग्नात मले बी एवढा मोठा हार नव्हता बाप्पा.” बाई त्या दिवशी खुशीत होत्या. म्हणाल्या, “यंदा बिल्लेही मांडा रे पूजेला. तुमचे जीव त्यांच्यावर असतात.” गड्यांनी बिल्ले उतरवले. बाईंनी स्वतः ते ताम्हनात ओळीने मांडले, हळद-कुंकू वाहिलं, पाकळ्या घातल्या. दसऱ्याला पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही, हा तिथला रिवाज.

दुपारी किसनराव शेठच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, नव्या कपाशीचा मुहूर्त झाला. कपाशीतून यंत्रात कुठून तरी खडा गेला, ठिणगी उडाली. घंटा झाली तशी माणसं हारासकट बंब घेऊन पळाली. बंबाशिवाय आग विझत नाही म्हणून बंब हलवला. बिल्ल्यांशिवाय विझते म्हणून बिल्ल्यांना कोणी हात लावला नाही. बाई शेडमध्येच होत्या. ताम्हनाकडे बघून त्यांच्या मनात आलं, किती छान दिसतंय. एवढंच आलं.

जिनात कोणीतरी ओरडलं, गोदामात रेजा, मजूर बाई, निजली आहे. नत्थुजी आत शिरला. शिरताना त्याचा हात सवयीने छातीवर गेला होता, असं एका हमालाने नंतर सांगितलं. आत कोणी बाई नव्हती. देवराव दुसऱ्या अंगाला होता. त्याने विचारलं, “फळी?” बंडू म्हणाला, “रिकामी!”

“ओढ दार!”

बंडूने दार ओढलं.

स्मशानात देवराव बाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, बिल्ल्याचं कोणी बोलनार नाही. आमी ठरोलं हाये. तुमच्यावर बोट आलं तं मंडळ बुडते. अन् मंडळ बुडालं तं आमी कुठी जावं?” बाई काही तरी म्हणणार होत्या. देवरावने हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. त्या जोडलेल्या हातांतून पलीकडे जायला वाट नव्हती.

या वेळी बैठक तेरवी झाल्यावर बसली. जो तो बोलला. धुराचं बोलले, रुईच्या गाठींचं बोलले, पाण्याचा दाब कमी होता ते बोलले. एका गोष्टीला वळसा घालून सगळे बोलत होते आणि बाई म्हणत होत्या, “ऐकलं.” बंडूची पाळी आली. तो तिशीचाही नसेल, त्या दिवशी म्हातारा दिसत होता.

“खुटी रिकामी होती, बाई.”

“ऐकलं.”

“खुटी रिकामी होती,” बंडू पुन्हा म्हणाला. “मी पायलं होतं. दोनदा पायलं.”

“समजलं बे त्यायले,” देवराव म्हणाला. “बस आता.”

तेवढ्यात दार ढकलून माणिकबाई आत आली. या खोलीत ती कधी आली नव्हती. माणसं सरकली. ती उंबऱ्याजवळच टेकली, पदर सारखा केला.

“जास्त टाइम घेत नाही,” ती म्हणाली. “मले त्यायचा बिल्ला पायजे. पोराले ठेवतो मनलं.”

 मग देवराव म्हणाला, “आगीत गेला असन, वैनी.”

“म्हंजे आंगावरच होता?”

देवरावने मान खाली घातली. ती मान होकाराचीही होती आणि नव्हतीही.

“हा,” माणिकबाई म्हणाली. “इसरलेच मंग.” ती जराशी हसली. “तसाच होता तो मानूस. लग्नात मंगळसूत्र घरीच इसरून आलते. माह्या मामानं सायकल हाणत जाऊन आणलं. सारा मांडव हासे.” हसू विरलं. “गल्लीत लोकं म्हन्तात, नत्थू आपल्याच चुकीनं गेला. मी भांडलो त्या लोकायशी. मनलं, घरी काही बी इसरतीन, पन बंबावर नाही. बाईनं शिकोलेलं हाये.” तिने बाईंकडे पाहिलं. “तुमीच सांगा बाई. तुमी खोटं नाही बोलनार. बिल्ला टांगाचा इसरले का ते?”

“वैनी, झालं गेलं आता...” देवराव मधे पडला. “इसरतो मानूस. आगीत काय सुचते? नत्थुजी देवमानूस होता, पन त्या दिवशी इसरला. एवढंच. व्हय ना बाई?”

सगळे बाईंकडे पाहू लागले. देवराव बोलून चुकला होता. आता त्याला बाईंचा तो एक शब्द हवा होता. बाईंनी “ऐकलं” म्हटलं की खोटं खरं होणार होतं, नत्थुजी कायमचा विसराळू होणार होता, मंडळ वाचणार होतं आणि बाईही. खिडकीबाहेर भिंत होती. बंडू गुडघ्यात डोकं घालून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. खुटी रिकामी होती. खुटी रिकामी होती. बाईंना उद्धवचे हात दिसले, ओले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं, की तो बोलत का नव्हता. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याने पुढे काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

“बाई?” माणिकबाई म्हणाली.

गोदावरीबाई उठल्या. पिशवीत हात घालून त्यांनी रुमालाची लहानशी पुरचुंडी काढली. फळी कोपऱ्यात उभी होती. त्यांनी ती उचलून माणिकबाईच्या समोर भिंतीला टेकवली. रुमाल सोडला आणि नत्थुजीचा बिल्ला खुंटीला अडकवला.

पितळ स्वच्छ होतं. त्याला आगीची झळ लागली नव्हती. मधोमध कुंकवाचा वाळलेला ठिपका होता आणि त्यात झेंडूची एक पाकळी चिकटून बसली होती.

माणिकबाईने पाकळीला बोट लावलं. आपल्या मळ्यातला झेंडू तिला ओळखू आला. तिने बिल्ल्याकडे पाहिलं, देवरावकडे पाहिलं, मग वर, बाईंकडे. बंडूनेही डोकं वर केलं होतं.

“बाई,” देवराव कळवळून म्हणाला, “थांबा. असं नोका करू. काही तरी बोला.”

माणिकबाई दारातून बाजूला सरकली. गोदावरीबाईंनी चपला पायांत सरकवल्या आणि एक शब्दही न बोलता त्या बाहेर पडल्या.