द्राक्षबागेतली सुनीताची हजेरी

शनिवारी पावणेसहाला मोटारसायकल बाहेर काढली तेव्हा रूपाली ओवीला कडेवर घेऊन जिन्यात उभी होती. "पप्पा, सुनीताताई येईल ना नक्की? सोमवारी मला एक तर कामावर जायचंय, नाही तर राजीनामा द्यायचाय."

"येईल गं," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते देव जाणे.

रूपाली माझी मुलगी, ओवी तिची लेक. रूपाली एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. बाळंतपणाची रजा संपली, वरचे तीन बिनपगारी महिनेही संपले. जावई चाकणला, पंधरवड्याने येतो. रूपालीची आई चार वर्षांपूर्वी गेली. आम्ही राहतो तिथे, गंगापूर रोडला, एक चांगलं पाळणाघर आहे, पण रूपालीचा निम्मा पगार तिथेच गेला असता. दुसरं परवडणारं होतं. तिथे एकटी मुलगी पंधरा लेकरांमागे धावताना पाहून मी चपलाही न काढता परतलो. शेवटी मनात आलं, गावाकडून कोणाला तरी आणू. शहरात गेलेल्या आम्हा लोकांना अडचण आली की गावच आठवतं. आमच्या गावच्या अंगणवाडीत सुनीता मदतनीस आहे. तिला तिथल्या मानधनापेक्षा जास्त देऊ, राहायला खोली देऊ, असा माझा हिशेब होता.

तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर पंचवटीतून दिंडोरी रोड धरा. म्हसरूळ मागे पडलं की गर्दी विरळ होते आणि दोन्ही हातांना द्राक्षबागा सुरू होतात. डिसेंबरात हातमोजे हवेतच. मी विसरलो होतो, दिंडोरीपर्यंत बोटं बधिर झाली. तिथे चहा घेतला. आमचं गाव वणीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. तेवढाच रस्ता खराब आहे. आकाश स्वच्छ असेल तर वळणावरून सप्तशृंगीचा डोंगर दिसतो. मी गाडी थांबवून हात जोडले. मागणं काय होतं ते सांगायला नको.

सव्वासातला पोचलो. अंगणवाडीसमोर पिकअप उभी होती आणि वर दाटीवाटीने बाया बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. एक जण मोठ्याने नावं घेत होती. "मंदा?" "हाय." "ताराबाई?" "हाय." शेवटी ती ओरडली, "सुनीता?" आणि सगळ्या बाया एका सुरात, "हाय!" पिकअप हसतच निघून गेली. मी पाहिलं, तिच्यात सुनीता नव्हतीच. ती अंगणवाडीच्या दारात होती, दोन्ही काखांत एकेक लेकरू.

आमच्या वेळी बालवाडी मारुतीच्या सभामंडपात भरायची. बाई आमची नाकं पुसायच्या, ओळीने बसवून सुकडी द्यायच्या. गोड, भरभरीत, टाळूला चिकटणारी ती सुकडी मी देवापुढे ठेवून मग खायचो, म्हणून मला सगळे पुजारी म्हणायचे. बाईंच्या हाताला कायम भाजक्या पिठाचा वास. नाव काही केल्या आठवेना. अंगणवाडीच्या सेविका कमलताई साडेनऊला आल्या, त्यांना विचारलं.

"शकुंतलाबाई," त्या म्हणाल्या. "मावळतीच्या वाडीवरून चालत यायच्या. महिना महिना हातात काही पडायचं नाही त्यांच्या."

पंचेचाळीस वर्षांत मला त्यांचं नाव विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांना काय मिळत असेल, हा प्रश्न तर पडलाच नव्हता.

मग मी येण्याचं कारण सांगितलं. कमलताईंनी चष्मा वर केला. "काय रे निवृत्ती, तुमच्या नाशकात माणसं संपली का? एवढी लाखांची वस्ती, अन् नजर आमच्या सुनीवर?"

"ताई, मी चांगले पैसे देणार आहे."

"मग तिलाच विचार. मी काय तिची सासू हाय?"

सुनीता खिचडी ढवळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, तुमचं बोलणं खरं हाय. इथलं मानधन लय कमी, अन् तेबी येळेवर नाय. पण माझी टोळीत हजेरी हाय ना."

"कुठली टोळी? तू तर इथे."

"सकाळी ऐकलं नाय का? थिनिंगचं काम बाया उक्तं घेतात. द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करायचे, झाडामागं ठरलेला दर. चौदा बाया बागेत, पण वाटे पडतात पंधरा. पंधरावा माझा. अंगणवाडी उघडायची दहाला, बायांची गाडी सातला. मधले तीन तास, अन् दुपारी त्या येईपर्यंत, लेकरं माझ्याकडं. म्हणून त्या माझं नाव घेतात." मग खिचडीवर झाकण ठेवून म्हणाली, "उन्हाळ्यात ताई रिटायर होतील. मी बारावी झालेय. सेविकेची जागा मला मिळंल. तुमच्याकडं मी कोण? कामवाली बाई."

तिने एक किरकिरं पोरगं उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "बसलाच हाय तर याला झोपवा."

रूपालीला मी कधी झोपवलं नव्हतं, ते तिच्या आईचं काम होतं. मी पोराला हलवू लागलो, ते आणखी भोकाड पसरू लागलं.

"अण्णा, झोपवताय का पीठ चाळताय?" सुनीता म्हणाली. कमलताईंना ठसका लागला. "मांडी हलू द्या, हात नका हलवू. अन् तुम्ही आधी शांत व्हा, त्याला कळतं सगळं."

मी डोळे मिटून मनात नाम घेऊ लागलो. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर पोराची मूठ सैल पडली होती.

दुपारी साडेतीनला पिकअप परतली. मी एकटाच निघालो. परतताना रस्त्यालगत मिसळ खाल्ली, दही-पापडासकट शंभराच्या आत. चव चांगली होती, पण लक्ष नव्हतं. रूपालीला काय सांगायचं याचाच विचार.

मी एका शाळेत लिपिक आहे. नर्मदा परिक्रमेसाठी अनेक वर्षं अर्जित रजा साठवली होती. रविवारी रात्री ओवीसाठी त्याच रजेचा अर्ज लिहिला. रूपाली म्हणाली, "पप्पा, तुम्ही? तुम्हाला तर ओवीचा लंगोटही बांधता येत नाही." मग ती कपाटातून आपला पांढरा कोट काढून इस्त्री करायला बसली.

रजा संपल्यावर काय, हे मला ठाऊक नाही. शकुंतलाबाईंचं नाव आता रोज सकाळी पूजेच्या वेळी आपोआप आठवतं.

सोमवारी रूपाली सव्वासातला गेली. ओवी चाळीस मिनिटं रडली. माझा सदरा घामाने भिजला, चष्म्याची एक काडी तिने मोडली. दहा वाजता फोन आला, "पप्पा, रडते का हो?"

ओवी पुन्हा माझ्या कानाशीच किंचाळत होती. मी तिला गादीवर ठेवलं, फोनसकट खिडकीबाहेर डोकं काढलं आणि म्हणालो, "छे गं, खेळतेय. तू काम कर."

संध्याकाळी दिवा लावताना या खोटेपणाबद्दल देवाची क्षमा मागायची होती. राहून गेली. मंगळवारी पुन्हा तेच बोललो.